देवगिरीचा पद्मटंक: वाटीसारखं नाणं, कोरी पाठ आणि दिल्लीची मूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या डब्यात सोन्याचं एक नाणं निघालं. अंगठ्याच्या नखाएवढं, मधे खोलगट, आत कमळ. एका सराफाने सांगितलं, "रामटंका आहे, देव्हाऱ्यात ठेवा." दुसरा म्हणाला, "यादवांचं आहे, जपा." आता विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत: हे नेमकं काय, यादवांचं असेल तर त्यामागचा इतिहास काय, आणि यादवांनी सव्वाशे वर्षं देवगिरीवरून राज्य केलं तर त्यांची नाणी अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच का दिसतात?

मी तीस-बत्तीस वर्षं मध्ययुगीन दख्खनची नाणी बघतो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पण तिथे जायचं तर आधी नाणं हातात घ्यावं लागेल.

सराफांचा वाद एका वाक्यात मिटतो. रामटंका म्हणजे बहुतेक वेळा देवळातला प्रसाद. त्यावर राम-सीता सिंहासनावर बसलेले, शेजारी लक्ष्मण, पायाशी मारुती असं चित्र असतं. तोही वाटीसारखा खोलगट असू शकतो, तिथेच घोटाळा होतो. पण तो व्यवहारातला पैसा नव्हे, आणि आज घराघरांत सापडणारे बहुतेक रामटंके गेल्या दोन-अडीचशे वर्षांतले आहेत. यादवांच्या नाण्यावर माणसाचं किंवा देवाचं असं बसलेलं चित्र नसतं. मधे कमळ असतं आणि भोवती छोट्या छोट्या खुणा असतात. तुम्ही कमळ म्हणताय, म्हणजे दुसऱ्या सराफाच्या बाजूने शक्यता आहे. शक्यताच म्हणतो, कारण कमळाची नाणी यादवांच्या आधीही दख्खनेत होती, आणि नकली तर आजही बनतात.

अस्सल पद्मटंक, म्हणजे यादवांचं हे कमळाचं सोन्याचं नाणं, तळहातावर घेऊन बघा. वजन साधारण ३.६ ते ३.८ ग्रॅम. मध्यभागी आठ पाकळ्यांचं कमळ. त्याच्या चार बाजूंना स्वतंत्र ठसे: एकीकडे नागरी लिपीत राजाचं नाव, समोरासमोर दोनदा 'श्री', आणि एक शंख. काही नाण्यांवर याशिवाय अंकुशासारखी किंवा शस्त्रासारखी एखादी खूण. पाठ कोरी. साल नाही, टांकसाळीचं नाव नाही. त्यामुळे काळ ठरवायला राजाच्या नावाचा तो एक ठसाच हाताशी असतो, आणि नेमका तोच अर्धा काठाबाहेर गेलेला असतो! 'श्रीराम'मधला 'राम' पूर्ण बसलेलं नाणं भिंगाखाली आलं की आमच्यासारख्यांचा दिवस चांगला जातो.

आता ही वाटी कशी तयार होते ते सांगतो, कारण खरं-खोटं ओळखायची किल्ली तिथेच आहे. आपल्याला नाणं म्हटलं की वरचा साचा, खालचा साचा आणि मधे चकती असं चित्र आठवतं. पद्मटंक तसा छापलेलाच नाही. सोन्याची ठरलेल्या वजनाची पातळ चकती करायची, ती मऊ बुडावर ठेवायची आणि वरून एकेक ठसा हातोडीने मारायचा. आधी मधला कमळाचा. त्या घावाने चकती मधे दबते आणि कडा वर येतात. मग भोवतीचे ठसे. प्रत्येक घावाला सोनं थोडं आत ओढलं जातं आणि नाणं आपोआप वाटीसारखं होतं. आकार मुद्दाम दिलेला नाही, तो घावांचा परिणाम आहे. पाठीवर काहीच छापलेलं नसतं, पण वरच्या ठशांचे दबलेले उंचवटे तिथे अंधुक जाणवतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, कारागीर हाताने ठसे मारतो म्हणजे कुठलीही दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. एका नाण्यावर शंख कमळाला चिकटलेला, दुसऱ्यावर काठावर तिरका. दुसरी, ठसा धातू बाजूला सारतो म्हणून खुणेच्या कडेला सोन्याचा बारीक उंच काठ उठतो. भिंगात तो धारदार दिसतो. ओतीव नकलेत हा काठ गोलसर, लोण्यासारखा दिसतो आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात.

एका प्रदर्शनात एका टेबलावर दोन पद्मटंक शेजारी ठेवलेले होते. दोन्हींच्या काठाला एकाच जागी, एकाच लांबीची चीर. विक्रेत्याला म्हटलं, "जुळी दिसतायत." तो हसला आणि एक उचलून ठेवलं. चीर ही नाण्याची स्वतःची जखम असते, दुसऱ्याला ती तिथेच होत नाही. एका अस्सल नाण्यावरून साचा काढला की मात्र जखमही सोबत येते.

नावाचंही थोडं सांगतो. पद्मटंक हे नाव नाणी अभ्यासणाऱ्यांत रूढ झालं. त्या काळच्या शिलालेखांत दानाचे, कराचे आकडे येतात ते बहुतेक 'गद्याण' या शब्दात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे यादव देवगिरीला येण्याच्या थोडं आधी, वजनाचं कोष्टक दिलं आहे: तीन गुंजांचा एक वल्ल, आठ वल्लांचं एक धरण, दोन धरणांचा एक गद्याणक. म्हणजे ४८ गुंजा. आपल्या जुन्या सोनारांच्या तोंडचा 'वाल' तो हाच वल्ल. आता गुंज ढोबळमानाने ०.१२ ग्रॅम धरली तर कोष्टकातला गद्याण पावणेसहा ग्रॅमच्या आसपास जातो आणि आपलं नाणं भरतं ३०-३२ गुंजांना. इथे नवशिके गडबडतात आणि नाणं घासून हलकं झालंय असं समजतात. तसं नाही. दख्खनेत गद्याण म्हणून जे सोन्याचं नाणं चालत होतं त्याचं वजन वेगळं होतं. गणिताच्या पुस्तकातलं माप आणि बाजारातलं माप एकाच नावाने नांदत होतं. तोळ्याचं तरी काय वेगळं झालं? सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा.

'टंक' शब्द तर तुम्ही रोज वापरता. टंकशाळेची टांकसाळ झाली, टंक्याचा टका आणि त्यातून शेकडेवारीतला टक्का आला. द्रम्म या जुन्या नाण्याचा झाला दाम. तो दामदुप्पट आणि छदाम यांत अजून जिवंत आहे.

आता राज्याकडे येतो. यादव मुळात सेउणदेशाचे, म्हणजे नाशिक-सिन्नरच्या पट्ट्यातले. आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. चालुक्य ढासळले तेव्हा पाचव्या भिल्लमाने स्वतंत्रपणा जाहीर केला आणि ११८७ च्या सुमाराला देवगिरीला राजधानी नेली. मांडलिकाचा राजा झाला की काही गोष्टी कराव्याच लागतात. बिरुदं घ्यायची, ताम्रपट द्यायचे आणि सोन्यावर स्वतःचं नाव उठवायचं. यादव स्वतःला यदुवंशी, 'द्वारावतीपुरवराधीश्वर' म्हणवत; त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. म्हणून शंख आणि कमळ बघून लोक चटकन विष्णूची आयुधं म्हणतात. ते चूक नाही, पण मी त्यावर फार भार देत नाही. ठशांनी नाणं पाडण्याची ही रीत चालुक्यांच्या काळापासून दख्खनेत होती, शेजारच्या काकतीयांची सोन्याची नाणीही अशीच अनेक ठशांची. यादवांनी लोकांच्या हाताला सवयीचं असलेलंच नाणं उचललं आणि त्यावर आपलं नाव मारलं. नवा राजा पैशात फार नवेपणा करत नाही. लोक घेईनासे होतात.

मला त्याहून बोलकी वाटते ती लिपी. अनेक नाण्यांवर राजाचं नाव नागरीत आणि बाजूचे दोन 'श्री' कन्नड-तेलुगू वळणाचे असतात. यादवांचे लेख संस्कृत, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत आहेत. तुंगभद्रेकडचा व्यापारी आणि गोदावरीकडचा व्यापारी, दोघांच्या नजरेला ओळखीचं काहीतरी एका नखाएवढ्या जागेत बसवलं आहे. आज आपण यादवांना सरसकट 'मराठी राजे' म्हणून मोकळे होतो. नाणं जरा सावध बोलतं.

नाण्यांवर नावं येतात ती सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र या राजांची. सिंघण (साधारण १२१० ते १२४६) हा यातला सगळ्यात मोठा. त्याने कोल्हापूरच्या शिलाहारांचा भोज राजा पन्हाळ्यावर हरवला, दक्षिणेत होयसळांना मागे रेटलं. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा त्याचा ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटण्याला आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. वजनाची कोष्टकं लिहिणाऱ्याच्या नातवाला पगार मिळत असेल तो सिंघणाच्या गद्याणांत, असं मी उगाच मनाशी म्हणत असतो.

नंतर सिंघणाचा नातू कृष्ण, मग त्याचा भाऊ महादेव (१२६१ ते १२७१). महादेवाने उत्तर कोकणच्या शिलाहारांचा सोमेश्वर समुद्रावर हरवला. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. अनेक अभ्यासक तिचा संबंध याच युद्धाशी जोडतात. कोकण हाती येणं पैशाच्या दृष्टीने मोठी गोष्ट. दख्खनेत सोन्याच्या खाणी आहेत, पण त्या रायचूर-कोलारकडे. वरच्या देशातला राजा सोनं मिळवणार ते करातून, खंडणीतून आणि बंदरांतून. बंदरांत जमा आणि खर्च दोन्ही. त्या काळातला मोठा खर्च म्हणजे अरबस्तानातून येणारे घोडे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याचं वर्णन केलं आहे. तिथल्या राजाचा चाच्यांशी ठराव होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल तुमचा. घोड्याची किंमत काय होती ते यावरून समजावं.

आणि मग रामचंद्र, १२७१ ते १३११. लिलावात आज ज्याच्या नावाचे पद्मटंक त्यातल्या त्यात जास्त येतात तो हाच. याच्याच काळात हेमाद्री पंडित, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो. याच्याच काळात पंढरपूरच्या विठ्ठलाला फुलांची सेवा कायम चालावी म्हणून लोकांनी पैका दिला आणि त्याची यादी दगडावर कोरली. देवळातला तो चौऱ्याऐंशीचा शिलालेख, शके ११९५ ते ११९९ चा. त्यात 'दत्त पैकाचा विवरु' असे शब्द आहेत, आणि खुद्द राजाला 'पांडरीफडमुख्य' म्हटलं आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून सुटका होते म्हणून भाविकांनी त्याला इतकी पाठ घासली की अक्षरं झिजली. हिशेबाच्या कागदाला असं भाग्य क्वचित मिळतं. आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी होते तेव्हा शेवटी ज्या 'यदुवंशविलासु' राजाचं नाव येतं तोही हाच श्रीरामचंद्र. नेवाशाला ती ओवी लिहिली जात होती तेव्हा 'श्रीराम' असा ठसा असलेली सोन्याची चकती व्यापाऱ्याच्या थैलीत वाजत होती.

याच सुमाराला, १२८४ मध्ये, तिकडे व्हेनिसने साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं डुकाट पाडायला सुरुवात केली. वजन बघा, आपल्या पद्मटंकाच्या अगदी शेजारी. पुढे तीच डुकाटं समुद्रावरून इकडे येत राहिली, त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे लोक त्यांना पुतळ्या म्हणू लागले, आणि आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ तिथून आली. व्हेनिसची नाणी मराठी गळ्यात टिकली, देवगिरीची टिकली नाहीत. का, हेच सांगायचं आहे.

१२९६. कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खलजी, दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई, काकाला न सांगता काही हजार घोडेस्वार घेऊन एलिचपूरच्या वाटेने देवगिरीवर येतो. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं. किल्ल्यात घाईघाईने भरलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, ही गोष्ट आपल्याकडे शाळेत सांगतात. ती फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिली आहे, म्हणजे तीनशे वर्षांनी. त्यानेच खंडणीचा आकडा दिला आहे: ६०० मण सोनं, १,००० मण चांदी, ७ मण मोती, २ मण रत्नं, ४,००० रेशमी कापडं. आकडे फुगवलेले असणारच. तरी एक हिशेब करू. सल्तनतीच्या काळचा मण आपल्या चाळीस शेरी मणापेक्षा खूप लहान. तो बारा किलोचा धरला तर ६०० मण म्हणजे सव्वासात टनांच्या आसपास सोनं. नाण्यांत मोजलं तर सुमारे १९ लाख पद्मटंक. यातला निम्मा आकडा खोटा धरा, उरलेल्यातलं निम्मं सोनं दागिने आणि विटा धरा, तरी चार-पाच लाख नाणी होतात. आज जगभरच्या संग्रहांत असलेल्या पद्मटंकांची संख्या याच्या जवळपासही जात नाही.

हे सोनं कुठे गेलं? सुरुवातीचं काही रस्त्यावर. अलाउद्दीनने त्याच वर्षी काकाला मारलं आणि दिल्लीकडे निघाला, तेव्हा मुक्कामा-मुक्कामाला छोट्या गोफणयंत्रातून लोकांवर सोनं उधळलं, असं चौदाव्या शतकातला इतिहासकार बरनी लिहितो. काकाच्या खुनाबद्दल लोकांनी फार बोलू नये याची ती किंमत. बाकीचं टांकसाळीत. अलाउद्दीनचा सोन्याचा टंका सुमारे ११ ग्रॅमचा, त्यावर तो स्वतःला 'सिकंदर-उस्-सानी', दुसरा सिकंदर म्हणवतो. गंमत म्हणून तराजूच्या एका पारड्यात तो टंका ठेवा आणि दुसऱ्यात तीन पद्मटंक. काटा जवळजवळ मधे थांबतो. तीन श्रीराम वितळले की एक सिकंदर, असं आम्ही गमतीने म्हणतो. धातू म्हणून हे अक्षरशः घडलं असणार.

'असणार' हा शब्द मी हवेत फेकलेला नाही. दिल्लीच्या टांकसाळीत ठक्कर फेरू नावाचा एक जैन अधिकारी होता, अलाउद्दीनच्या नोकरीतला. त्याने १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' नावाचा छोटा ग्रंथ लिहिला, आपल्या भावासाठी आणि मुलासाठी, म्हणजे घरातल्या पोरांना धंदा शिकवायला. त्यात दोनशेच्या वर नाण्यांची यादी आहे: कुठलं नाणं, वजन किती, त्यात खरा धातू किती, भाव काय. त्यात देवगिरीचीही नाणी आहेत. दिल्लीच्या टांकसाळीतल्या माणसाला देवगिरीच्या नाण्याचा कस पाठ का हवा? बाजारात ते ओळखून घ्यायला हवा हे खरं, पण मुशीत टाकण्याआधी त्यातून किती निघेल हे कळायला तो सगळ्यात जास्त हवा. इतिहासाच्या पुस्तकांत लूट म्हणजे हत्ती-घोड्यांची रांग. ठक्कर फेरूकडे ती गुंजभर गुंजभर मोजलेली दिसते, आणि म्हणून मला तो कुठल्याही दरबारी लेखकापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

१२९६ नंतर लगेच देवगिरी संपली नाही, हेही ध्यानात घ्या. रामचंद्र गादीवर राहिला, खंडणी देत राहिला आणि मग थांबला. १३०७-०८ मध्ये अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला. तिथे सुलतानाने त्याला छत्र दिलं, 'राय-ए-रायान' पदवी दिली आणि बरनीच्या म्हणण्याप्रमाणे एक लाख टंके देऊन परत पाठवला. आपलंच सोनं, दुसऱ्याच्या नावाने छापून, बक्षीस म्हणून परत! त्यानंतर काफूर वरंगळ आणि द्वारसमुद्राकडे गेला तेव्हा देवगिरी त्याचा वाटेवरचा तळ होती. रामचंद्र वारल्यावर शंकरदेवाने बंड केलं, तो मारला गेला. पुढे जावई हरपालदेवही. अलाउद्दीनच्या शेवटच्या वर्षांतला, हिजरी ७१४ चा, किल्ले देवगीर असं टांकसाळीचं नाव असलेला सोन्याचा टंका आहे. ज्या गावाने स्वतःच्या नाण्यावर कधी आपलं नाव घातलं नाही, त्याचं नाव नाण्यावर पहिल्यांदा आलं ते अरबी अक्षरांत.

तिथून बारा-तेरा वर्षांत महंमद तुघलक येतो, देवगिरीचं दौलताबाद होतं, त्याच्याच काळात तांब्या-पितळेच्या सांकेतिक नाण्यांचा प्रसिद्ध घोळ होतो. तो स्वतंत्र विषय आहे, इथे शिरत नाही.

म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: कमी पाडली म्हणून ही नाणी दुर्मीळ झालेली नाहीत, वितळली म्हणून झाली. सोन्याच्या नाण्याचा शत्रू गंज नसतो, पुढचा राजा असतो. वाचतात ती कुणीतरी पुरलेली आणि पुन्हा न्यायला न आलेली. म्हणूनच साठे कधी कधी भलत्या ठिकाणी सापडतात. आंध्रात कृष्णा जिल्ह्यात यादवांच्या पद्मटंकांचा साठा निघाला, देवगिरीपासून कितीतरी दूर. व्यापार म्हणा, सैनिकाचा पगार म्हणा, पैसा तिथवर पोचला होता आणि पुरणाऱ्यावर वाईट वेळ आली होती.

शिवाजी महाराजांचा होन याचाच वंशज का, असं पुढे विचारलं जातं म्हणून आधीच सांगतो. सोन्याच्या नाण्याची दक्षिणी परंपरा हा दुवा खरा. होन हा शब्दच कन्नड 'होन्नु' म्हणजे सोनं यावरून आलेला. पण मधे साडेतीनशे वर्षं आणि विजयनगरचं वराह हे सोन्याचं नाणं आहे. १६७४ चा होन दोन्ही बाजूंनी छापलेला, सपाट आणि पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा. घडणीत दोन्हींचं साम्य नाही.

आता तुमच्या नाण्याचं. ते लखलखीत करून घेऊ नका. एकदा एक कुटुंब माझ्याकडे पद्मटंक घेऊन आलं होतं. लग्नात सुनेला घालायचा म्हणून त्याला नाका डाकवला होता आणि मग पॉलिश. नाका नेमका राजाच्या नावावर बसला होता. डाकाच्या उष्णतेने कड सपाट झाली होती, 'श्री'नंतरचं अक्षर उरलंच नव्हतं. वजन पूर्ण, सोनं पूर्ण, राजा गेला. त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे किंमत कमी का?" मी हो म्हटलं, पण मला जे वाटलं ते वेगळंच होतं.

कसोटीच्या दगडावर घासायलाही देऊ नका. प्रत्येक सराफाने एकेक रेघ ओढली तर कड झिजत जाते. शुद्धता बघायची असेल तर हॉलमार्क केंद्रात क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवून बघता येते, नाण्याला धक्का लागत नाही. मात्र सोनं चांगलं निघालं म्हणजे नाणं अस्सल, असं समजू नका. आजचा नक्कल करणारा सोनं खरंच वापरतो, कारण नाण्याची किंमत सोन्याच्या कितीतरी पट असते.

नाणं पिढीजात घरातलं असेल तर घरात ठेवायला अडचण नाही. शेतात किंवा पाया खणताना सापडलेलं असेल तर गोष्ट वेगळी: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू म्हणून ते परदेशी पाठवताही येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

मला पक्कं सांगायचं असेल तर दोन गोष्टी लागतील. दोन दशांश स्थळांपर्यंतचं वजन, आणि फोटो. फोटोला फ्लॅश नको. खिडकीशी बसा, उजेड एका बाजूने तिरका येऊ द्या, म्हणजे ठशांच्या कडा सावली टाकतात. चार फोटो काढा, दर वेळी नाणं पाव वळसा फिरवून. आणि एक पालथं घालून. पाठ कोरी असते म्हणून लोक तो फोटो पाठवतच नाहीत, आणि मला सगळ्यात आधी तोच बघायचा असतो.